आईचे हलणारे दात, मुलाची दाढ आणि तुम्ही शेवटी लिहिलेली ती एक ओळ

प्रश्न असा आहे: "आम्ही बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातले. आईचं वय ६२, दहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. चाळीस वर्षं मिशेरी लावते. खालचे पुढचे दात हलतात, आणि मिशेरी थोडी कमी केल्यापासून हिरड्यांतून रक्त येतंय. डॉक्टरांनी दात साफ करून घ्यायला आणि वरच्या दोन दाढा काढायला सांगितलंय. गल्लीतले म्हणतात, साफ केले की दात आणखी ढिले होतात आणि वरची दाढ काढली की नजर जाते. आठवडी बाजारात एक जण एका बैठकीत पक्के दात बसवून देतो म्हणतोय, त्याच्याकडे जावं का? सात वर्षांच्या मुलाची सगळ्यात मागची दाढ काळी पडलीय, पण दुधाचीच आहे, पडून जाईल म्हणून थांबलोय. मला स्वतःला काही त्रास नाही. फक्त पाच-सहा महिने झाले, तिखट खाल्लं की तोंड भाजतं. सुपारी खातो, तंबाखू नाही."

तुम्ही आईबद्दल विचारलंत, मुलाबद्दल विचारलंत, स्वतःबद्दल मात्र नुसती एक ओळ लिहून सोडून दिलीत. मी त्या ओळीपासूनच सुरुवात करते. आईचे दात अजून पंधरा दिवस थांबू शकतात. तुमचं तोंड तपासायला तितकं थांबू नका.

आत्ता आरशासमोर उभे राहा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जोडून धरा, हात असा वळवा की तिन्ही बोटं एकावर एक येतील, आणि तोंड पूर्ण उघडून ती वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. धडधाकट माणसाची स्वतःची तीन बोटं सहज आत जातात. दोनच जात असतील, किंवा तिसरं घालताना गाल ताणल्यासारखे वाटत असतील, तर हे नुसतं 'तोंड येणं' नाही. मग गालाच्या आतून बोट फिरवा. आतला गाल मऊ, ओलसर लागायला हवा. उभी दोरी ताणून बांधावी तसा पट्टा बोटाला लागतो का? आतला रंग गुलाबी आहे, की उकडलेल्या अंड्यासारखा पांढरट? शिट्टी पूर्वीसारखी वाजते का? जीभ पूर्वीइतकी बाहेर येते का?

तिखट झोंबणं ही या आजाराची बहुतेक वेळा पहिली खूण असते. आजाराचं नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. आपल्याकडे लोक त्याला उष्णता झाली म्हणतात, मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणतात, जिभेला तूप लावतात आणि जेवणातला ठेचा बंद करतात. ठेचा बंद केला की भाजणं कमी होतं, माणूस निर्धास्त होतो आणि सुपारी तशीच चालू राहते. मग दोन-तीन वर्षांनी एक दिवस भाकरीचा मोठा घास तोंडात जाईना होतो.

हे घडतं कसं, ते सांगते. गालाच्या आतल्या नाजूक कातडीखाली तंतूंचं एक जाळं असतं. शरीर ते सतत विणत असतं आणि जुनं झालेलं मोडून काढत असतं. सुपारीतल्या अरेकोलिन नावाच्या द्रव्याने विणणं वाढतं आणि मोडणं थंडावतं. तंतू साचत जातात, घट्ट होतात, गाल आतून आखडतो. ओलं चामडं उन्हात टाकलं की आखडतं, तसंच. यात तंबाखूची गरजच नाही. "तंबाखू नाही, नुसती सुपारी" हे वाक्य मी दातांची डॉक्टर म्हणून २८ वर्षं ऐकते आहे, आणि ते सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर नेहमी सुटका झाल्याचा भाव असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच सुपारीला एकटीला, तंबाखूशिवाय, कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. हा आजार म्हणजे कॅन्सर नव्हे. पण केरळात अशा रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं होतं, तेव्हा शंभरातल्या सात-आठ जणांना पुढे तोंडाचा कॅन्सर झालेला आढळला. म्हणून मी याला किरकोळ म्हणायला तयार नाही.

आपल्या घरांत सुपारीला मान आहे. पूजेत गणपती म्हणून आपण सुपारीच मांडतो, लग्न ठरलं की सुपारी फोडतो, सवाष्णीच्या ओटीत घालतो. त्या मानाबद्दल माझं काही म्हणणं नाही. जेवण झाल्यावर अडकित्ता फिरला की जी कातरण तोंडात जाते, तिच्याबद्दल आहे. पुडीतल्या गोड, रंगीत सुपारीबद्दल तर फारच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली आणि कर्नाटकात २०१३ साली. मधलं वर्षभर इकडून तिकडे काय काय गेलं, ते हद्दीवरच्या गावांना सांगायला नको. पुढे पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत मिळू लागली. टपरीवर दोन्ही एकदम घ्यायच्या आणि तळहातावर मिसळायच्या. त्यातली तंबाखूची पुडी ज्यांनी सोडली, त्यांना वाटतं आपण सुटलो.

निपाणीकडचा एक तरुण लग्नाच्या आठ दिवस आधी माझ्याकडे दात चमकवून घ्यायला आला होता. खुर्चीत बसला, "आ करा" म्हटलं, तर माझा छोटा आरसासुद्धा आडवा जाईना. वय २६. त्याला वाटत होतं, त्याचं तोंड जन्मापासूनच लहान आहे. त्याच्या आधीची, माझ्या सुरुवातीच्या काळातली एक आठवण मात्र मला आजही बोचते. एका लॉरी ड्रायव्हरच्या गालात पांढरा चट्टा दिसला होता. मी "तंबाखू सोडा, महिन्याने दाखवा" एवढंच म्हटलं. चिठ्ठी दिली नाही, तुकडा तपासायला पाठवला नाही. तो दोन वर्षांनी आला, तेव्हा चट्ट्याची जखम झाली होती आणि गाठ मानेपर्यंत उतरली होती. तेव्हापासून असा चट्टा दिसला की मी रुग्णाला त्याच दिवशी चिठ्ठी देऊन पाठवते आणि तो गेला का, ते फोन करून विचारते.

तर तुमच्यासाठी एवढंच. सुपारी आजपासून पूर्ण बंद. कच्ची, भाजकी, चिकणी, पानातली, बडीशेपेत मिसळलेली, सगळी. सवय सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे, तिथली माणसं सुपारी-तंबाखू सोडवायला मदत करतात. आठवड्याच्या आत तोंड दाखवा. आखडलेले तंतू पुन्हा पहिल्यासारखे होत नाहीत, हे खरं सांगायला हवं. पण सुपारी थांबली की आखडणं बहुतेक वेळा तिथंच थबकतं, आणि व्यायामाने, औषधांनी, गरज पडली तर गालातल्या इंजेक्शनांनी तोंड थोडं उघडतं. व्यायाम साधा आहे. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक धरून दातांत घालायच्या आणि दर आठवड्याला एखादी वाढवायची. भाजणं थांबलं तरी दर काही महिन्यांनी तपासणी सोडायची नाही. आणि घरातल्या कोणाच्याही तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, न दुखणारी जखम किंवा गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर ती दाखवायची. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही, लोक फसतात ते इथेच.

आता आईकडे येते. रक्ताचं आधी सांगते, कारण त्यातच आईची मिशेरी पुन्हा वाढण्याचा धोका आहे.

मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातल्या निकोटीनने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. हिरडी आतून सुजलेली असली तरी रक्त कमी येतं, वरून ती बरी दिसते. आतलं हाड मात्र झिजत राहतं. चाळीस वर्षं आईला वाटत आलं की मिशेरीने हिरड्या आवळून राहतात. मिशेरी कमी केली, रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या, आणि जे रक्त आधीच यायला हवं होतं ते दिसू लागलं. बायका मग म्हणतात, "बघा की हो मॅडम, लावायची सोडली आणि रक्त यायला लागलं." आणि पुन्हा डबी उघडतात. तुम्ही आईला एवढं समजावून सांगा. रक्त दिसतंय ती चांगली खूण आहे. दात साफ झाले आणि घासणं नीट बसलं की ते थांबेल.

मिशेरी नुसती "सोड" म्हणून सुटत नाही, हेही मला माहीत आहे. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत राबलेल्या बायकांच्या घरात तंबाखू ज्वारीच्या डब्याशेजारी असायची. पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, चुरायचं, डबीत भरायचं. पहाटे परसात बसून डाव्या तळहातावरची मिशेरी बोटाने लावत बसायचं, तोच त्या बाईचा दिवसातला स्वतःचा वेळ. सून उठायच्या आत, कोणी हाक मारायच्या आत. तो वेळ काढून घेतला तर ती कोणाचंच ऐकणार नाही. म्हणून मी सांगते, वेळ तीच ठेवा, जागा तीच ठेवा, डबीच्या जागी मऊ ब्रश आणि पेस्ट ठेवा. आधी किती वेळा लावते ते मोजा. विचारलं तर उत्तर येतं "सकाळी एकदाच". जेवल्यावर? झोपताना? शेतातून आल्यावर? मग तो आकडा चार-पाचपर्यंत जातो. दर आठवड्याला त्यातली एक वेळ बंद करायची, सगळ्यात शेवटी पहाटेची. "मिशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" या म्हणण्याला हसू नका, ते खरं असतं. निकोटीन आतड्यांना चाळवतं. सोडल्यावर आठ-पंधरा दिवस पोट जड राहील, डोकं दुखेल, चिडचिड होईल. तेवढे दिवस सकाळी उठल्यावर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, संध्याकाळी पपई, आणि घरातल्यांनी थोडी समजूत ठेवायची. दात घासायच्या पेस्टमध्ये आणि पावडरमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ सालापासून बंदी आहे. मिशेरी त्या कायद्याच्या हाताला लागत नाही, कारण ती घरच्या तव्यावर होते किंवा सुटी विकली जाते.

साफ केल्याने दात ढिले होतात, ही भीती मी रोज ऐकते, आणि ती कुठून येते तेही मला कळतं, कारण लोक डोळ्यांनी पाहिलेलं सांगत असतात. लाळेतले क्षार दातावरच्या चिकट थरात साचतात आणि त्याचा दगडासारखा कडक थर होतो. आपण त्याला कीट म्हणतो, डॉक्टर टार्टर म्हणतात. तो थर हिरडीखाली सरकत जातो, हिरडी सुजते, तिच्याबरोबर हाड खाली जातं. आता बांधावरचा कुंपणाचा खांब डोळ्यांपुढे आणा. मुळाजवळची माती पावसाने वाहून गेलीय, पण भोवती चिखलाचा थर वाळून कडक झालाय. खांब उभा दिसतो. तो वाळलेला चिखल काढला की हलतो. चिखल काढला म्हणून माती गेली, असं आपण म्हणत नाही. आईच्या खालच्या पुढच्या दातांचं हेच झालंय. कीट त्यांना बाहेरून धरून बसलंय आणि आतून त्यांचाच आधार खातंय. साफ केल्यावर काही दिवस दात जास्त हलल्यासारखे वाटतील, मधल्या फटी दिसतील, गार पाणी झोंबेल. हिरडी घट्ट झाली की यातलं बरंच कमी होतं. मशीनमध्ये धार नसते. टोक सेकंदाला हजारो वेळा थरथरतं, सोबत पाणी असतं, त्याने कीट सुटतं, दात कापला जात नाही. गेलेलं हाड मात्र परत येत नाही. जो दात आत-बाहेर हलतोच आणि वर-खालीही होतो, तो वाचवता येत नाही. नुसता थोडा हलणारा दात पुढे कित्येक वर्षं टिकलेला मी पाहिला आहे.

आईच्या बाबतीत साफ करणं आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं आहे. शुगर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असतं. उलट बाजू कमी लोकांना ठाऊक आहे. हिरड्यांत कायम सूज आणि पू असेल तर शुगर आटोक्यात यायला जड जाते. हिरड्यांचे नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, सरासरी ०.४ टक्क्याने उतरतो, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं आहे. आकडा लहान वाटेल. पण साडेआठवर अडकलेल्या बाईला डॉक्टर आणखी एक गोळी वाढवतात, तेव्हा तेही काही फार मोठ्या उताराची अपेक्षा करत नसतात. शिवाय हा उतार गोळी न वाढवता मिळतो.

वरच्या दाढेचं आणि नजरेचं. दाढ काढल्याने नजर जात नाही. वरच्या दातांना जाणीव देणारी नस आणि दृष्टी मेंदूपर्यंत नेणारी नस, दोन्ही वेगळ्या. चेहऱ्याच्या जाणिवेची जी मोठी नस आहे तिला तीन फांद्या आहेत, एक कपाळ आणि डोळ्याभोवती, दुसरी वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या. त्यामुळे वरची दाढ ठणकली की डोळ्यामागे दुखतंय असं वाटतं. बघण्याचं काम मात्र यातली एकही फांदी करत नाही. मग इतक्या घरांत हा समज का? माझा अंदाज असा, की साठीच्या आसपास दाढा काढायची वेळ येते आणि त्याच वयात मोतीबिंदू पिकायला लागतो. दोन्ही एकाच वर्षी झालं की माणूस त्यांची गाठ मारतो. शुगरचा तर डोळ्याच्या पडद्यावरही परिणाम होतो, म्हणून आईचे डोळे तसेही दरवर्षी तपासून घ्या. उलट, कुजकी वरची दाढ तशीच ठेवली तर पू गालात चढून डोळा सुजून बंद झालेला मी पाहिला आहे. गालावर सूज आली तर त्यावर गरम शेक देऊ नका. सूज जबड्याखाली उतरली, थुंकी गिळवेना, तोंड उघडेना, ताप आला, तर ती रात्र काढायची नाही. सरळ मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

आणि त्या बाजारातल्या माणसाकडे आईला नेऊ नका. मी हे कोणाचं पोट मारायला सांगत नाही. तो करतो काय, तर हलणाऱ्या आणि कुजक्या मुळांवरच आपोआप घट्ट होणारं प्लॅस्टिक थापतो, शेजारच्या चांगल्या दातांना तारेने बांधतो आणि त्यात दात बसवतो. ते पक्कं असतं, काढून धुता येत नाही. खाली अन्न सडतं, आणि सहा महिन्यांत बांधलेले चांगले दातही हलायला लागतात. माझ्याकडे आलेल्या अशा एका आजीचं प्लॅस्टिक कापून काढलं तेव्हा खालची हिरडी ओल्या जखमेसारखी झाली होती. चार वर्षं त्या त्याच्यावर जेवत होत्या. रीतसर काम हळू होतं. दाढा काढल्यावर जखम आणि हाड बसायला दोन-तीन महिने जातात, मग माप घेऊन काढता-घालता येणारी कवळी किंवा अर्धी कवळी करतात. पहिल्या वर्षात हाड जास्त आक्रसतं, त्यामुळे कवळी सैल होते आणि ती आतून भरून घ्यावी लागते. म्हणजे कवळी फसली असं नाही. रात्री ती काढून पाण्यात ठेवायची, पेस्टने घासायची नाही, साध्या साबणाने आणि मऊ ब्रशने धुवायची. स्क्रू बसवून करायचे दात, म्हणजे इम्प्लांट, शुगर आटोक्यात असेल तर होऊ शकतात. तंबाखू चालू असताना मी स्वतः ते करायला सांगत नाही.

मुलाच्या दाढेचं उत्तर ऐकून तुम्हाला थोडं वाईट वाटेल. ती दाढ बहुधा दुधाची नाही.

मोजून बघा. खालच्या जबड्याच्या मधोमध रेघ आहे असं समजा आणि तिथून एका बाजूला मोजत मागे जा. पाचपर्यंत दुधाचे, किंवा दुधाचे पडून त्यांच्या जागी आलेले. सहावी जी मोठी दाढ आहे ती कायमची. साधारण सहाव्या वर्षी ती दुधाच्या दाढांच्या मागून येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ताच लागत नाही. मुलाचे पुढचे दात तेव्हा पडत असतात, सगळ्यांचं लक्ष तिकडे. ही दाढ गुपचूप येते, तिच्यावर खोल खाचा असतात, त्यात बिस्कीट रुतून बसतं, आणि सातव्या-आठव्या वर्षी ती काळी दिसू लागते. तिला साठ-सत्तर वर्षं चावायचं असतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलाची हीच दाढ काढावी लागते, तेव्हा मला सर्वात जास्त हळहळ वाटते, कारण बहुतेक वेळा घरचे सांगतात, "आम्हाला वाटलं दुधाची आहे."

काळेपणा वरवर असेल तर भरून भागेल. खोल असेल तर आतल्या नसेला वाचवायचे उपचार असतात. बाकीच्या सहाव्या दाढा अजून चांगल्या असतील तर त्यांच्या खाचांत सीलंट नावाचं पातळ द्रव्य भरून घ्या. सुई नाही, मशीन नाही, दुखत नाही. आणि मोजून ती दाढ पाचवी निघाली, म्हणजे दुधाचीच, तरीसुद्धा थांबू नका. दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत जागा धरून ठेवतात. लवकर गेल्या तर मागची दाढ पुढे सरकते आणि नव्या दाताला जागा उरत नाही. पुढे तारा लावायचा खर्च बऱ्याचदा इथूनच सुरू होतो.

दाताला 'कीड' लागते म्हणून आपण आत किडा शोधतो. काही गावांत अजून बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखवतात. दातात किडा नसतो. ताटलीत जे पडतं ते बियांमधलं असतं. जंतू गोड खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लाने दात विरघळतो. गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला इथे महत्त्व आहे, कारण प्रत्येक वेळी तोंड अर्धा-पाऊण तास आंबट राहतं. बेळगावचा कुंदा जेवणानंतर एकदाच वाटीभर खाल्ला तर दात सोसतात. तोच डबा उघडा ठेवून दिवसभर चमचा-चमचा खाल्ला तर नाही. गूळ साखरेपेक्षा दाताला बरा, असं आपल्या ऊसपट्ट्यात फार म्हणतात. दाताच्या बाबतीत तो साखरच, आणि चिकट असल्यामुळे जास्त वेळ राहणारी. रात्री साखरेचं दूध पिऊन मूल तसंच झोपलं की लाळ कमी होते आणि ते गोड रात्रभर दातांवर राहतं. दूध आधी, मग ब्रश, मग झोप. पेस्ट वाटाण्याएवढी, फ्लोराइड असलेली, नळीवर १००० च्या आसपास पीपीएम लिहिलेलं. घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहतं. आठ वर्षांचा होईपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्या माणसाने फिरवायचा. राख, विटेची पूड, खरखरीत मीठ घरात वापरत असाल तर बंद करा. कोणत्या कंपनीची पेस्ट, हे मला फार लोक विचारतात. फ्लोराइड असेल तर कुठलीही चालेल.

बेळगावात यायचं तर दोन्ही डेंटल कॉलेजं आहेत, केएलईचं व्ही. के. इन्स्टिट्यूट आणि मराठा मंडळाचं हलगेकर इन्स्टिट्यूट. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, म्हणून खर्च खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो आणि वेळ जास्त लागतो. अख्खा दिवस मोकळा ठेवा. तोंडातल्या आजाराचा वेगळा विभाग असतो, तुम्ही स्वतः तिथे आधी जा. फॉर्म कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असला तर निःसंकोच विचारा, मराठी समजणारं कोणी ना कोणी असतंच. आईचा शुगरचा ताजा रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, नावं पाठ करू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. हाडं ठिसूळ झाल्याचं इंजेक्शन कधी घेतलं असेल तर तेही सांगा, कारण त्याने काढलेल्या दाढेची जखम भरायला अडचण येऊ शकते. हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर दाढ काढायच्या आधी सांगा. दाढ काढायच्या दिवशी आईला उपाशी आणू नका. नेहमीचा नाश्ता, नेहमीची गोळी आणि सकाळची वेळ.

दाढ काढल्यावर बोळा पाऊण तास दाबून धरायचा. परतीच्या बसमध्ये आईला सारखं थुंकू देऊ नका. थुंकण्याने गोठलेलं रक्त निघून येतं, आणि तेच जखमेचं झाकण असतं. लाळ गिळली तरी चालते. त्या दिवशी चूळ नाही, गरम चहा नाही, मिशेरी तर बिलकूल नाही. मऊ भात थंड करून ताकाबरोबर द्या. गोळ्या वेळेवर द्या, जेवण कमी झालं म्हणून शुगर उतरत नाही ना तेही बघा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा. दुखणं रोज कमी होत जायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते उलट वाढलं, कानापर्यंत ठणकू लागलं, तर जखमेवरचं झाकण निघालेलं असतं. मेडिकलमधून गोळ्या बदलत बसू नका, दाढ काढली तिथेच परत आणा. जखम धुऊन औषध भरलं की बहुतेकांना त्याच दिवशी आराम पडतो.